उजव्या हाताला डोंगर

डिसेंबरात मी बाथरूममध्ये पडले आणि उजव्या गुडघ्याची वाटी फुटली. घरातल्या सपाट, कोरड्या फरशीवर पडले, हे मुद्दाम सांगते. कारण त्यानंतरचे आठ महिने सगळ्यांनी मला भीती घातली ती चढांची आणि जिन्यांची. सपाट फरशीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

मी कुवेतमधल्या एका भारतीय शाळेत विज्ञान शिकवते. बावीस वर्षं झाली. आमची प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर आहे आणि शाळेच्या त्या जुन्या इमारतीला लिफ्ट नाही. ऑपरेशन करून, वाटीला तार घालून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "मॅडम, पुढे जिने टाळलेले बरे." डॉक्टर असं बोलतातच. पुढच्या पेशंटलाही ते तेच म्हणाले असतील. पण माझ्या नवऱ्याने ते वाक्य घट्ट धरून ठेवलं.

नवरा पेट्रोकेमिकल कारखान्यात इंजिनिअर. त्याचं सगळं काम लेखी असतं. घरातला गिझर बिघडला तरी तो आधी कागदावर मुद्दे काढतो. माझं प्लास्टर निघालं त्याच आठवड्यात त्याने माझा राजीनामा टाइप करून आणला. शाळेच्या नावाने, माझ्या नावाने, प्रकृतीच्या कारणास्तव वगैरे सगळं व्यवस्थित. फक्त सही बाकी. तो कागद पारदर्शक फोल्डरमध्ये घालून त्याने जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला आणि म्हणाला, "घाई नाही. सप्टेंबरच्या आत दिलं की झालं." मी त्या फोल्डरवर रोज आमटीचं पातेलं ठेवत असे. तो रोज ते पातेलं उचलून खाली गरम भांड्यांची जाळी सरकवत असे.

मुलगा स्कॉटलंडमध्ये नोकरीला. जन्मला, वाढला इथेच, कुवेतच्या रिग्गई भागात, त्यामुळे मराठी समजतं सगळं, बोलताना मात्र अर्धं इंग्रजी. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही त्याच्याकडे जायचं ठरलं होतं. मार्चमध्ये एकदा व्हिडिओ कॉलवर त्याने नकाशा दाखवला. डोंगराळ जंगलातून जाणारी एक वाट. जिथून निघायचं तिथेच परत यायचं, पूर्ण गोल. "बाबा, आपण दोघं हे करू. तीन-साडेतीन तास. आई, तू खाली कॅफेत बस. देअर इज व्हेरी गुड केक."

केकचं नाव काढलं आणि माझं डोकं फिरलं. मी काय पाच वर्षांची आहे? मी म्हटलं, "मी चालणार."

"आई, चढ आहे. प्रॉपर चढ."

"आहे ना? मग ऐका दोघंही. ही फेरी मी माझ्या पायांनी पूर्ण केली, तर टेबलावरचं ते पत्र फाडायचं. नाही जमली, तर तिथल्या तिथे सही करून देते."

मुलगा हसत म्हणाला, "डील!" नवऱ्याने जाळी जरा सरळ केली. रागाच्या भरात मी काय पणाला लावून बसले ते मला तेव्हा कळलंच नाही. ते पुढे सांगेन.

आता कुवेतमध्ये राहून डोंगर चढायची तयारी कशी करायची? इथे चढ म्हणून काही नाहीच. फ्लायओव्हर आहेत, पण ते गाड्यांसाठी. मग मी आमच्या इमारतीचा जिना धरला. सात मजले, कुणीही न वापरलेले. दुसऱ्या दिवशी आमचा हारिस, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा इजिप्तचा म्हातारा, धावत आला. त्याला वाटलं लिफ्ट बंद पडली. "मॅडम, लिफ्ट मुश्किला?" मी मान हलवत म्हटलं, "ला, ला, मुश्किला नाही." त्याने तरी लिफ्टवाल्याला फोन केलाच. लिफ्टवाला आला, लिफ्ट वर-खाली करून बघितली, घामाने थबथबून कठड्याला धरून उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं आणि निघून गेला. चौथ्या दिवसापासून हारिसने चौथ्या मजल्यावर माझ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची ठेवली. मी तिच्यावर कधी बसले नाही. पण त्याला बरं वाटावं म्हणून एकदा पर्स टेकवली.

खरी तयारी करून घेतली ती भाभींनी. भाभी आमच्या खालच्या मजल्यावर राहतात, रत्नागिरीकडच्या. त्यांच्या यजमानांचं फरवानियात अत्तरांचं दुकान आहे. तीस वर्षं झाली त्यांना इथे. अरबी फाडफाड बोलतात. मार्च-एप्रिलमध्ये हवा बरी असते तोवर आम्ही संध्याकाळी जवळच्या बागेत फिरायला जायचो. गंमत अशी, की एकत्र जायचो आणि उलट्या दिशांनी फिरायचो. माझे पाय आपोआप मधला भाग उजव्या हाताला ठेवून वळत. भाभी नुकत्याच मक्केला उमऱ्याची यात्रा करून आल्या होत्या, तिथे काबा डाव्या हाताला ठेवून फेऱ्या घालतात, त्यामुळे त्यांचे पाय आपोआप मधला भाग डाव्या हाताला ठेवून वळत. पहिल्या दिवशी दोघींनी एकमेकींना ओढून बघितलं. मग सोडून दिलं. प्रत्येक फेरीत दोनदा समोरासमोर यायचो, तेवढ्यात एक वाक्य मी टाकायचे, उत्तर त्या पुढच्या भेटीत द्यायच्या. एका भाजीची कृती पूर्ण व्हायला सहा फेऱ्या लागत.

मे उजाडला तसं बाहेर चालणं अशक्य झालं. मग भाभींनीच शोध लावला. हवल्लीतल्या एका मॉलचं बहुमजली पार्किंग. शुक्रवारी सकाळी दुकानं बंद असतात, पार्किंग रिकामं, सावली भरपूर आणि पाच मजले गोल चढत जाणारा उतार. कुवेतमधला एकमेव डोंगर तो. दुसऱ्याच शुक्रवारी तिथल्या गार्डने हटकलं. भाभींनी डोळाही न लववता सांगितलं, "गाडी शोधतोय." बिचारा आमच्याबरोबर दोन मजले शोधायला आला. पुढचे तीन महिने आमची गाडी तिथे हरवलेली होती. गार्ड दुरून हात करून विचारायचा, मिळाली का, आणि आम्ही माना हलवायचो.

चढ मला जमत होता. उतरताना मात्र गुडघ्यात तार टोचायची. एके दिवशी मी चौथ्या मजल्यावर खांबाला धरून उभी राहिले तेव्हा भाभी म्हणाल्या, "टीचर, सरळ नको उतरू गो. आडवी हो. आडवा पाय टाक, बाजूनं. आमच्या गावच्या पाखाडीवरनं माझी आई डोक्यावर हंडा घेऊन अशीच उतरायची, पावसात. कधी पडली नाय." जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची ती पाखाडी त्यांनी मला तिथे काँक्रीटवर शिकवली. बाजूने उभं राहायचं, दुखरा पाय आधी खाली, मग चांगला. खेकड्यासारखं दिसतं, पण दुखणं निम्म्यावर येतं.

ऑगस्टमध्ये आम्ही स्कॉटलंडला पोहोचलो. तिसऱ्या दिवशी, शनिवारी, मुलाने आम्हाला त्या जंगलापाशी नेलं. बारीक पाऊस, उंच सरळसोट झाडं, खाली सगळीकडे हिरवं शेवाळ आणि नेचे. गाडी लावून तो पार्किंगच्या यंत्राशी झटापट करत होता. नवरा रेनकोटची चेन लावत होता. मी म्हटलं, "मी हळू चालते. पुढे होते, तुम्ही मागून या." मुलगा म्हणाला, "ओके आई, जस्ट फॉलो द ग्रीन."

समोर फळा होता. फळ्यापासून वाट डावीकडे जात होती आणि उजवीकडेही. मी क्षणभरही विचार न करता डावीकडे वळले. का, ते मला त्या वेळी कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आज सांगते. मी नाशिकची. लहानपणी श्रावणी सोमवारी आत्याबरोबर ब्रह्मगिरीची फेरी केली आहे, तीही अनवाणी, चिखलातून. आत्याचे नियम दोनच. डोंगर उजव्या हाताला राहिला पाहिजे, आणि फेरी अर्धी टाकून मागे फिरायचं नाही. मी देवधर्म फारसा करत नाही, पण डोंगर समोर दिसला, वाट गोल आहे हे माहीत होतं, महिना श्रावणाचा होता. पाय डावीकडे वळले. फळ्यावर हिरवा बाण उजवीकडे दाखवत होता हे मी पाहिलंच नाही.

पहिला अर्धा तास छान गेला. लांब, हळूहळू चढणारी वाट. एक ओढा, त्यावर लाकडी साकव. चिलटं मात्र भयंकर, नाकातोंडात जात होती. मग वाटेला दोन फाटे फुटले आणि तिथे एक लाकडी खांब होता, कोरा. हिरवं काही दिसेना. वैतागून मी त्याच्याभोवती फिरले, तर मागच्या बाजूला हिरवी पट्टी आणि बाण! बाण मी आले तिकडे दाखवत होता. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. सगळ्या खुणा समोरून येणाऱ्यांसाठी होत्या. आख्खं जंगल उलटीकडून चालत होतं आणि मी एकटी सुलट.

परत फिरायला हवं होतं का? हवं होतं. पण तोवर बराच चढ चढून झाला होता आणि फोनला रेंज नव्हती. मी बाणाच्या शेपटीकडे चालायला लागले. पुढे प्रत्येक खांबापाशी जाऊन त्याची पाठ बघायची आणि बाण सांगतो त्याच्या उलट जायचं, हे तंत्र बसलं. मध्ये समोरून माणसं येत होती. एक गृहस्थ, ओल्या कुत्र्याला घेऊन, थांबले आणि अतिशय सौजन्याने म्हणाले की तुम्ही चुकीच्या दिशेने चालला आहात बहुतेक. मी म्हटलं, "आय नो." ते म्हणाले, पुढची बाजू फार उताराची आहे. मी पुन्हा म्हटलं, "आय नो," जे साफ खोटं होतं. कुत्र्याने माझा बूट हुंगला आणि ते गेले.

माथ्यावर झाडं संपली. जांभळं खुरटं झुडूप पसरलेलं, खाली दूरवर एक राखी तळं. मी तिथल्या बाकावर टेकले. गुडघा ठणकत होता, अगदी खरं सांगायचं तर रडू येईल इतका. आणि मला भयंकर आनंद होत होता. चढ संपला होता. मी केला होता.

तेवढ्यात समोरच्या बाजूने मुलगा जवळजवळ धावत वर आला, मागून नवरा, तोंड पांढरं पडलेलं. ते दोघं अर्थातच बाणाप्रमाणे उजवीकडून निघाले होते. मी पुढे असणार म्हणून झपझप चढले, मी दिसेना, तेव्हा प्रत्येक वळणावर कडेला वाकून खाली बघत आले होते.

"आई! व्हेअर वेअर यू?"

"समोरून येत होते," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

मुलाने श्वास घेतला आणि शांतपणे, समजावणीच्या सुरात म्हणाला, "ओके. आता ऐक. आम्ही आलो ती साइड खूप स्टीप आहे. ओल्या मुळ्या आहेत. तुला उतरता येणार नाही. तू आलीस ती वाट सोपी आहे ना? आपण सगळे तिकडून परत जाऊ. इट्स द सेम डिस्टन्स."

अंतर तेवढंच असेल. पण मग ती फेरी झाली नसती. मी उठले आणि ते दोघं आले होते त्या वाटेकडे चालायला लागले. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही सांगा ना तिला." नवरा म्हणाला, "अगं, ऐक जरा." मी ऐकलं नाही. मग काय करतील, आले मागोमाग.

उतार खरंच वाईट होता. ओंडके आडवे घालून केलेल्या पायऱ्या, त्यांवर पाणी, मध्येच गुळगुळीत मुळ्या. मी आडवी झाले. दुखरा पाय खाली, मग चांगला. मुलगा हात पुढे करत होता. मी त्याला सांगितलं, "हात लावायचा नाही. नंतर म्हणाल आम्ही उतरवली." एका ठिकाणी गुडघा एकदम दुमडला आणि मी चिखलात बसले. उठता येईना. पुढच्या पाच-सहा पायऱ्या बसूनच उतरले, एकेक करत, लहान मुलं जिन्यावरून उतरतात तशी. वर येणारं एक तरुण जोडपं बाजूला उभं राहिलं. मी त्यांना गुड मॉर्निंग म्हटलं. लाज वाटली, पण थांबले नाही. खाली पोहोचल्यावर झाडाला धरून उभी राहिले आणि मागे बघितलं, तर नवराही आडवा होऊन उतरत होता. मी बघतेय म्हटल्यावर तो सरळ झाला.

साडेतीन तासांची फेरी मला पावणेसहा तास लागली. फळ्याला हात लावला आणि कॅफेत जाऊन ओल्या, चिखलाच्या कपड्यांनी खुर्चीवर बसले. केकही खाल्ला. चांगला होता, मुलाचं त्यात खोटं नव्हतं.

मुलगा खूश होता. "आई, यू डिड इट! आता काय, रिटायर ऑन अ हाय!"

मला वाटलं तो चेष्टा करतोय. पण नवऱ्यानेही मान हलवली. "खरंच. कमाल केलीस. आता मनात काही राहायला नको. परत गेलो की शांतपणे सही करून टाक."

"फेरी पूर्ण झाली तर पत्र फाडायचं ठरलं होतं," मी म्हटलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मुलगा म्हणाला, "आई, ते तुला मोटिव्हेट करायला होतं. एक दिवस चालणं वेगळं, रोज तीन मजले वेगळं."

मला आधी राग आला तो त्यांचा नाही, स्वतःचा. बावीस वर्षं नोकरी केलेली बाई मी, आणि माझ्याच नोकरीवर पैज लावून बसले होते. यांच्यापुढे. पाच महिने जिन्यात आणि पार्किंगमध्ये चढ-उतार करून काय मिळवायला निघाले होते, तर परवानगी! हरले असते तर यांचं म्हणणं खरं ठरलं असतं, आणि जिंकले तर समारोप. निकाल दोन्हीकडून ठरलेलाच होता, आणि यांना पंच मीच नेमलं होतं.

"त्या पत्रावर मी सही करणार नाही," मी म्हटलं. "आणि नीट ऐका. आज मी अर्ध्यातून परत आले असते ना, मला उचलून आणावं लागलं असतं ना, तरी केली नसती."

बाजूच्या टेबलावरची माणसं बघायला लागली. बघू देत. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण सूर कळला असावा.

नवऱ्याने समोरचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाला, "आणि पुन्हा पडलीस तर? तू अडीच तास पडून होतीस. मी ड्यूटीवरून आलो, दार उघडलं, आणि तू..." तो थांबला. "किल्ली खिशात असते माझ्या. तरी मी आता बेल वाजवतो. तुझी पावलं ऐकू येईपर्यंत आत यायची हिंमत होत नाही."

आठ महिने मी त्याच्यासाठी लंगडत जाऊन दार उघडत होते आणि मनातल्या मनात चिडत होते, की या माणसाला किल्ली काढायचाही कंटाळा. टेबलावरचा त्याचा हात मी धरला. पण पाणी डोळ्यांत असलं तरी बोलले तेच, जे बोलायचं होतं. "तुमची भीती खरी आहे. पण ती तुमची आहे. नोकरी माझी आहे. एकाच्या भीतीवर दुसऱ्याने सही करायची नसते."

मुलाने कधी नव्हे ते इंग्रजी न वापरता म्हटलं, "चूक झाली, आई." नवऱ्याने हात काढून घेतला नाही.

सप्टेंबरात शाळा उघडली. मी गेले. तीन मजले, दुसऱ्या मजल्यावर दोन मिनिटं थांबून. खाली उतरताना मुलं मागून येऊन माझ्या आडव्या चालीकडे बघत राहिली. मी त्यांना म्हटलं, बघताय काय, पुढे व्हा. पहिल्या दिवशी घरी आले तेव्हा गुडघा टम्म सुजला होता. नवरा आधीच आला होता. त्याने मला सोफ्यावर पाय लांब करून बसलेली पाहिली आणि विचारलं, "दुखतोय का?"

हा प्रश्न तो डिसेंबरपासून रोज विचारत होता, आणि रोज मी नाही म्हणत होते. दुखतो म्हटलं असतं तर तो पुरावा झाला असता.

"हो," मी म्हटलं. "सकाळपासून दुखतोय. खूप दुखतोय. आणि उद्या पण जाणार आहे."